प्लास्टरवरचे सदरे

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद. तू घे किंवा घेऊ नकोस, मोठ्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून दिले.

तब्येत कशी आहे हे विचारते, पण उत्तर येणार नाही हे धरूनच. गेल्या सहा वर्षांत मी तुला चार पत्रं पाठवली. चारही पोचली, कारण चारही पोचपावत्यांवर तुझी सही आहे. या वेळी सही सूनबाईची असेल. तुझ्या डोळ्यांचं भाच्याकडून कळलं. उजव्याने काहीच नाही आणि डाव्याने नुसत्या कडा, असं तो फोनवर म्हणाला. म्हणजे हे पत्र सूनबाईच वाचून दाखवणार. सूनबाई, तुलाही आशीर्वाद. माझं अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी छड्या मारून वळवलेलं आहे, त्यामुळे ‘लागत नाही’ ही सबब चालणार नाही. जिथे खाडाखोड असेल तिथे ‘खोडलंय’ म्हणून सांग आणि पुढे जा.

माझं म्हणशील तर ठीक. गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र अजून गंज चढलेला नाही. उलट झालं असतं तर बरं, असं शेजारपाजारचं मत आहे. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी पहिल्या घंटेच्या वेळेला जाग येते आणि मग दिवसभर कुणाला रागवायचं हा प्रश्न पडतो. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन मी काढून टाकलं नाही. त्याच्यावर फळी टाकून संगणक ठेवलाय. टाइप करताना पाय अजून खाली पायटा शोधतात.

लिहायचं कारण ती वेबसाइट. तिचं जुनं नाव काढलं तर तू पत्र मिटायला सांगशील, म्हणून काढत नाही. तसंही ते नाव आता राहिलेलं नाही. जुन्या मालकांनी ती कुणाला तरी विकली आणि नव्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘मानाची सभासद’ केलं. मान कसला, तर आपली कपड्यांची सतरा पेपर कटिंगं मी पाहू शकते. फक्त पाहू शकते. छापता येत नाहीत, उतरवून घेता येत नाहीत, कुणाला पाठवता येत नाहीत. दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहायचा मान. आणि तोही एकतीस तारखेपर्यंत. एक नोव्हेंबरला ‘जुना साठा’ काढून टाकणार आहेत. त्यांच्या लेखी तो जुना साठा.

सूनबाईला यातलं किती ठाऊक आहे मला माहीत नाही. बाळ, तुझी सासू बावीस वर्षं मुलांच्या हाडांच्या वॉर्डात शिवणकाम करत होती. तिने चादरी आणि पडदे शिवावेत म्हणून तिला ठेवलं होतं. पण छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाच्या अंगात कुठलाच कपडा जात नाही, आणि ज्याचा हात वर होत नाही त्याला सदरा घालताना ते ओरडतं, हे रोज बघून तिने स्वतःच काहीबाही कापायला सुरुवात केली. बाजूने पूर्ण उघडणारे सदरे. टिचबटणांनी पाकळीसारखी मिटणारी बाही. दोन मांड्यांमधल्या प्लास्टरच्या दांडीला वळसा घालणारी चड्डी. कागद मिळायचा नाही, म्हणून वॉर्डातल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मांवर ती कटिंगं काढायची. उजेडात धरली की बाहीच्या आत कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या.

ती सतरा फिल्मांची चळत मी शाळेच्या मोठ्या स्कॅनरवर एकेक करून चढवली, हे तर तुला माहीतच आहे, बारकू. मग फिल्मा भंगारवाल्याला दिल्या. घरात जागा नव्हती, आणि संगणकात गेलं म्हणजे कायमचं झालं, असं तेव्हा सगळेच सांगत होते. मी शिकलेली बाई. माझा विश्वास बसला.

आता झालंय असं. गेल्या आठवड्यात वॉर्डातल्या टेलर मास्टरचा फोन आला. तू काम सोडल्यावर तुझ्या जागी आलेला, मी त्याला दोनदाच पाहिलंय. माणूस गरीब स्वभावाचा आहे, वाक्य अर्धवट सोडायची सवय सोडली तर. त्याच्याकडे मी वॉर्डाला पूर्वी छापून दिलेले कागद होते, ते टाचण्या टोचून टोचून चाळण झालेत. कडा इतक्या झिजल्यात की प्रत्येक सदरा आधीच्या सदऱ्यापेक्षा बोटभर आखूड निघतो. नवे छापायला गेला तर पानभर राखाडी फुली येते. सहा वर्षांची एक मुलगी आहे, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. तिला सव्वीस तारखेला घरी सोडायचंय. घर चार तासांच्या रस्त्यावर आहे, सार्वजनिक गाडीने. तिची आई म्हणते, चादरीत गुंडाळून नेईन, पण मुलगी म्हणते, मी तशी जाणार नाही, लोक बघतात. सदरा-चड्डीचं अकरा नंबरचं कटिंग हवंय, बाई, काही करता येईल का, असं मास्टर विचारत होता. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, संध्याकाळपर्यंत पाठवते.

बारकू, त्या संध्याकाळपासून आज सातवा दिवस.

आधी छापून पाहिलं. राखाडी फुली. पडद्याचा फोटो काढायची एक कळ असते, ती दाबली. काळं पान आलं, शोकसंदेशाला शोभेलसं. मोबाइलने फोटो काढला तर सगळीकडे पट्टे, आणि पट्ट्यांतून माझंच नाव पोहत जातं. मग बटर पेपर आणला आणि पडद्यावर लावून, श्वास धरून, पेन्सिलीने गिरवायला घेतलं. बाहीच्या मुंढ्याच्या अर्ध्या वळणाला पोचले आणि चित्र आपोआप आकसलं. ‘तुम्ही बराच वेळ हे काम पाहत आहात. अजून इथेच आहात का?’ इथेच आहे, बाबा. मी कुठे जाणार?

तुझ्या कटिंगांवर आकडे नाहीत ही दुसरी गोची. वीत, चार बोटं, दोन बोटं अशी तुझी मापं, आणि तीही फिल्मेवर कुठे लिहिलेली नाहीत. सगळी अक्कल त्या वळणात. वळण आकसलं की अक्कल गेली. उसवून माप घ्यावं म्हटलं तर वॉर्डात एकही जुना सदरा नाही, कारण मुलाच्या अंगाला लागलेलं कापड परत घ्यायचं नाही हा तुझाच नियम, आणि तो ते लोक अजून पाळतात.

वेबसाइटवर मदतीला एक बाई आहे. बाई म्हणजे यंत्रच. तिला ‘सखी’ म्हणायचं. मी काहीही लिहिलं की ती म्हणते, तुमची अडचण मी समजू शकते. तिच्या शुद्धलेखनाच्या मी तीन चुका दाखवल्या. तिने तिन्ही वेळा आभार मानले आणि चौथी केली. शेवटी म्हणाली, आजच्या मदतीला किती तारे द्याल? मी लिहिलं, आज आभाळ ढगाळ आहे. ती म्हणाली, धन्यवाद, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे गेले. ती एका हाताने पानं लावते, दुसऱ्याने मूल सांभाळते आणि तोंडाने नवऱ्याला फोनवर झापते, तिन्ही एकदम. तिने माझ्या नावाने आत शिरून पाहिलं, दोन-चार खटपटी केल्या, आणि मग माझ्याकडे वळली.

“बाई, हे तुमचंच आहे ना?”

मी म्हटलं, नाव वाचा.

“तेच वाचलं. मग स्वतःच्या घराला बाहेरून कडी लावून आत कशा बसलात?”

रांगेतले चारजण हसले. मी तिला सुनावलं की कडी कंपनीने लावलीय. तिने पडद्यावरची एक ओळ दाखवली: ‘नक्कल करण्यास मनाई. ही निवड कर्त्याने नोंदणीच्या वेळी केली आहे.’ बाजूला हिरवी खूण. जुन्या मालकांच्या वेळी ती खूण काढता यायची. नव्यांनी आहे तिथे गोठवून टाकली.

खूण मीच केली होती, हो. कुणी फुकट उचलून धंदा करू नये म्हणून केली होती. आणि तुझं नाव जे राहून गेलं, त्याबद्दल मी तुला चारही पत्रांत लिहिलंय, पाचव्यांदा लिहिते. नोंदणीच्या अर्जात नावासाठी एकच रकाना होता. एकच. मी काय करणार?

पत्र इथे थांबवते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आहेत. दुपारी पुरं करून पोस्टात टाकीन. तुझ्याकडे एखादी जुनी फिल्म चुकून राहिली असेल, पेटीत, गादीखाली, कुठेही, तर पाठव, एवढंच मागणं.

१२ ऑक्टोबर, दुपार

बारकू,

वरची पानं पोस्टात टाकली नाहीत. फाडावी असंही वाटलं, पण राहू देत. मी कशी आहे ते कळायला तीही वाचावीत.

मधल्या दिवसांत मी एक उद्योग केला. फळी काढली, संगणक जमिनीवर ठेवला, मशीनला तेल घातलं. म्हटलं, छत्तीस वर्षं शिवण शिकवलंय, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं आहेत, एक सदरा आणि एक चड्डी मला जमू नये? पडद्यावर अकरा नंबर बघून बघून, अंदाजाने कागद कापला. शिवणीसाठी माया नीट सोडली, काजं रेखीव केली, उलट बाजूला एक दोरा दिसेल तर शपथ. काल सकाळी ते घेऊन वॉर्डात गेले.

मुलगी खिडकीजवळच्या खाटेवर होती. प्लास्टरवर कुणीतरी निळ्या पेनने मासे काढलेले. मी सदरा पुढे केला, तिने आधी पाठीमागची शिलाई बघितली, मग पुढची, एखाद्या गिऱ्हाइकासारखी. आईने आणि मास्टरने मिळून घालायला घेतला. बाजू मिटेपर्यंत ठीक. मग चड्डी. दांडीपाशी कापड अडकलं. मास्टरने हळूच ओढलं, मुलगी ओरडली नाही, नुसता ओठ आत घेतला आणि छताकडे बघत राहिली. आई म्हणाली, राहू दे, चादर बरी.

बाहेरच्या बाकावर मास्टर माझ्याशेजारी बसला. माझा कपडा मांडीवर पसरून त्याने बोटाने वळण दाखवलं. इथे, बाई, तुमच्या कागदावर हे असं आत येऊन मग खाली जायचं, तुम्ही सरळ का घेतलंत? तो म्हणाला, ते तसं का घेतात, ते सांगा फक्त, मी कापतो. भिंतीवर वॉर्डवाल्यांनी चौकटीत लावलेला कागद आहे, नखाएवढी सतरा चित्रं आणि खाली माझं नाव, ते त्याच्या डोक्याच्या बरोबर वर होतं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की मला ते ठाऊक आहे.

मी म्हटलं, वय झालं, विसरले.

आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ बोलले, बारकू, पण त्या बाकावर बोलले त्याइतकं हलकं कधी बोलले नव्हते.

घरी येऊन पुन्हा सखीपाशी बसले. या वेळी शुद्धलेखन तपासलं नाही. विचारलं की हे कुलूप काढायचा काहीच मार्ग नाही का? ती म्हणाली, एक आहे. नोंदलेला कर्ता जर खरा कर्ता नसेल, तर त्याने तसं कबूल करायचं. मग खऱ्या कर्त्याला नव्याने निवड करता येते. त्या अर्जाला त्यांनी ‘मालकीची दुरुस्ती’ असं नाव दिलंय. मी तो काल दुपारपासून रात्रीपर्यंत आणि आज सकाळी उघडून बसले. शाळेत मुली परीक्षेला बसतात तशी. शेवटचं पान भरल्याशिवाय आधीचं पान राखत नाही असा तो अर्ज. पाणी प्यायला उठले की पहिल्यापासून.

सूनबाई, आता पुढचं जे येतंय ते वाचताना एक ओळही गाळू नकोस. तुला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. सासूला त्रास होईल म्हणून मऊ करून सांगू नकोस. तिला कापडाचा पोत कळतो, तिला फसवता यायचं नाही.

नावासाठी एकच रकाना नव्हता. रकान्याखाली ‘आणखी एक नाव जोडा’ अशी ओळ होती. मी ती पाहिली होती. मी प्रश्नपत्रिकेच्या तळाची टीपसुद्धा वाचणारी बाई, मला ती दिसली नाही असं कसं होईल? मी स्वतःला समजावलं की बारकू दहावी नापास, तिला या नावाबिवाचं काय, तिला मुलांना सदरे मिळाले म्हणजे झालं. तू फिल्मा देताना म्हणाली होतीसही, ताई, कुणालाही दे, सगळ्यांना दे. मी ते ‘दे’ एवढंच ऐकलं. आणि सगळ्यांना द्यायच्या वस्तूला मनाईची खूण करून ठेवली.

हे तुला ठाऊक होतं. नाव बघून तू रागावलीस, पण बोलायचं थांबली नव्हतीस. उलट तू तुझ्या परीने मार्ग काढलास. एक नवं कटिंग काढलंस, अठरावं, आणि तिथल्या एका नर्सला सांगून तुझ्या नावाने त्याच वेबसाइटवर चढवायला लावलंस. आणि मग वॉर्डात वेबसाइटकडून ती नोटीस आली. तिच्यात ‘चोरी’ असा शब्द होता. मेट्रनने तुला सगळ्यांसमोर उभं करून माफीनाम्यावर सही घेतली. त्या आठवड्यात तू काम सोडलंस, आणि भाचा सांगतो की त्यानंतर कात्री हातात धरली नाहीस.

तू मला फोन केला होतास. मी म्हणाले, अगं, ते यंत्र आपोआप करतं, दोन चित्रं जुळली की अडवतं, माझ्या हातात काय आहे? तू विचारलंस,

“ताई, यंत्राला माझी कात्री कशी ओळखू आली?”

मी म्हटलं, हल्ली सगळं ओळखू येतं. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. तोच शेवटचा.

यंत्राला तुझी कात्री ओळखू आली नव्हती, बारकू. मला आली होती.

यंत्राने मला विचारलं होतं. ‘तुमच्या कामासारखं काम कुणीतरी चढवलं आहे. चालू द्यायचं की थांबवायचं?’ सोबत चित्र होतं. बाजूच्या पाकळीला आतून खिसा, आणि खिशाचे कोपरे औषधाच्या बाटलीच्या बुचाभोवती पेन्सिल फिरवून गोल केलेले. जगात दुसरं कोण तसे कोपरे करतं? मी ‘थांबवा’वर बोट ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, की समोरच्या व्यक्तीला नोटीस जाईल, तुम्ही तिला ओळखत असाल तर आधी बोलून घ्या. इतकी माणुसकी त्या यंत्राकडे होती. मी तिसऱ्यांदाही हो म्हटलं.

का, ते विचारशील. त्याच महिन्यात माझ्या जुन्या शाळेत माझं भाषण होतं, ‘माझी पद्धत’ या विषयावर. पण ते वरवरचं. खरं असं की छत्तीस वर्षं मी मुलींकडून रुमालाच्या कडा भरून घेतल्या. त्यातला एकही रुमाल कुणी नाकाला लावला असेल तर देव जाणे. आणि एक दिवस रस्त्यात एका अनोळखी बाईने माझा हात धरला. तिच्या मुलाने सहा महिन्यांनी पहिल्यांदा सदरा घातला होता, न रडता. ती मला सोडेचना. तो हात तुझा होता, मला चुकून मिळाला, आणि मला तो परत करवेना. अठरावं कटिंग तुझ्या नावाने आलं असतं तर पहिली सतरा कुणाची, हे लोकांनी विचारलंच असतं.

सहा वर्षं मी यंत्राला शिव्या दिल्या. तशी त्याची लायकी आहेच, ते मी मागे घेत नाही. चित्रं आकसवणारे, खुणा गोठवणारे, माणसाला स्वतःच्या दारात उभं ठेवणारे लोक आहेत ते. पण नोटिशीचं पाप त्यांचं नाही.

अर्जाचं शेवटचं पान असं होतं. कबुली दिली की माझं खातं त्याच क्षणी बंद. मग खऱ्या कर्त्याने दहा दिवसांत दावा करायचा. नाही केला, तर एकतीस तारखेचीही वाट न बघता सगळं पुसून टाकणार. म्हणजे मी गप्प बसले तर अजून एकोणीस दिवस ती कटिंगं पडद्यावर तरी दिसत राहतील, आणि खरं बोलले तर ती तुझ्या एका शब्दावर टांगली जातील. आणि तू माझ्याशी सहा वर्षं एक शब्द बोललेली नाहीस. पुढे आड, मागे विहीर. मी दोन वेळा खुर्चीतून उठले. तिसऱ्यांदा बसले ती उठलेच नाही. मूळ कर्त्याचं नाव म्हणून तुझं पूर्ण नाव लिहिलं. संपर्कासाठी सूनबाईचा मोबाइल नंबर दिला, भाच्याकडून घेतलेला. तिला न विचारता दिला, त्याबद्दल तिने मला काय बोलायचं ते बोलावं. मग पाठवलं. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. पडद्यावरून सतराची सतरा चित्रं गेली. आता मला ती पाहताही येत नाहीत. मी सारखी त्याच पानावर जाऊन बघते. पांढरं आहे.

मग मास्टरला फोन केला आणि सांगितलं की कटिंगं माझी नव्हेत, कुणाची आहेत तेही सांगितलं. त्याची अर्धी वाक्यंसुद्धा येईनात. शेवटी त्याने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. पत्ता तुझा आहे. तू सांगशील तर देईन.

आता कामाचं. सूनबाईच्या मोबाइलवर आज-उद्यात त्यांचा संदेश येईल. उघडायला घाबरू नये. दाव्याबरोबर त्यांना माझ्या हातचं लेखी निवेदन लागतं, टाइप केलेलं चालत नाही. म्हणून हे पत्र. हे पोचायला चार दिवस धरले तरी तुमच्या हातात सहा उरतात. शेवटच्या पानाचा फोटो काढून पाठवला की पुरे, बाकीची पानं तुमची तुमच्यापाशी. पण सगळी पाठवली तरी माझी हरकत नाही. वॉर्डात वाचून दाखवली तरी नाही. पुढे ‘नक्कल करू द्यायची का’ असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर काय द्यायचं, ते तू मला विचारू नकोस. मला विचारायचे दिवस संपले.

आणि दावा करायचाच नसेल, तर करू नकोस. बावीस तारखेला ती पुसली जातील. तुझी आहेत, ठेवायची की जाऊ द्यायची हेही तुझंच. मी फोन करणार नाही, भाच्याला मध्ये घालणार नाही, दारात येऊन बसणार नाही. ती मुलगी सव्वीसला घरी जाणार एवढं मात्र सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ते तुझ्यावर दडपण आणण्यासाठी सांगितलं असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही.

माफी मागितली नाही असं सूनबाईच्या लक्षात आलं असेल. मागायची लाज नाही वाटत. पण सही करून माफी मागणं काय असतं ते तुला एकदा सगळ्यांसमोर करावं लागलं, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. त्यानंतर माझ्या कागदावरच्या माफीला तुझ्याकडे काय किंमत असणार. त्यापेक्षा निवेदन देते. ते उपयोगी पडेल.

*निवेदन. प्लास्टरमधल्या आणि हात न उचलणाऱ्या मुलांच्या कपड्यांची सतरा कटिंगं माझ्या धाकट्या बहिणीने काढली. त्यातली एक रेघही माझी नाही. अठरावंही तिचंच. ती चोरी नव्हती. ते अडवणारी मी होते, आणि ते तिचं आहे हे मला ठाऊक होतं. हे मी माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, कुणी न सांगता लिहिलं आहे.*

खाली सही केली आहे. पेन मुद्दाम दाबून केली आहे, बारकू. सूनबाईकडून पान उलटं करून घे आणि मागच्या बाजूने बोट फिरव. तुला लागेल.

तुझी,
ताई